वाचक विचारतात : आयरिश लोकगीतं, शाळकरी वह्या आणि आपल्याकडच्या ओव्या

गेल्या अंकात आयर्लंडच्या खेड्यांतली लोकगीतं, लोककथा आणि समजुती तिथल्या शाळकरी मुलांनी 1937 ते 1939 या काळात कशा लिहून काढल्या, याची ओळख करून दिली होती. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागांतून पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच आहे : तिथं जे झालं ते आपल्या गावात करता येईल का, आणि करायचं तर नेमकं कसं? निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं देत आहोत.

आमची खेड्यातली सरकारी मराठी शाळा आहे. सातवीत सतरा मुलं आहेत. आयर्लंडसारखा उपक्रम एवढ्याशा वर्गाला झेपेल का? त्यांनी तो कसा चालवला होता?
— शिक्षिका, खानापूर तालुका

झेपेल. वयाचा विचार केला तर तुमचा वर्ग अगदी योग्य आहे. तिथंही प्राथमिक शाळेच्या शेवटच्या इयत्तांतली, साधारण 11 ते 14 वर्षांची मुलंच निवडली होती. या वयात मूल सलग लिहू शकतं आणि आजीआजोबांजवळ बसायला त्याला अजून संकोच वाटत नाही.

आयरिश सरकारने 1935 मध्ये लोकसाहित्य आयोग नेमला. शेमस ओ डुलार्गा त्याचे संचालक होते. आयोगाकडे पगारी संकलक मोजकेच होते आणि म्हातारी माणसं तर दरवर्षी कमी होत होती. म्हणून शिक्षण खातं आणि शिक्षक संघटना यांना बरोबर घेऊन 1937 मध्ये शाळांची योजना आखली गेली. आठवड्याचा जो निबंधाचा तास असे, त्यात निबंधाऐवजी गावातली माहिती लिहायची. शिक्षकांना एक छोटी पुस्तिका दिली होती, तिच्यात 55 विषय होते : पुरलेलं धन, हवामानाचे आडाखे, घरगुती औषधं, पवित्र विहिरी, गावचे कवी, लोहाराचा भाता, लग्नाच्या चाली, बटाट्याची लागवड, दुष्काळाच्या आठवणी, मुलांचे खेळ. 'पायांची काळजी' हासुद्धा एक स्वतंत्र विषय होता, कारण त्या पिढीतली पुष्कळ मुलं अनवाणी वाढलेली. मूल घरी किंवा शेजारी जाऊन विचारी, वहीत लिही आणि त्यातलं निवडक शाळेच्या एका मोठ्या वहीत उतरवलं जाई. सुमारे 5,000 शाळा आणि 50,000 हून अधिक मुलं यांच्याकडून सुमारे 7,40,000 पानं जमली. मुलांच्या मूळ वह्या आणि शाळांच्या मोठ्या वह्या यांची ही एकत्र बेरीज आहे.

तुमच्या वर्गासाठी 55 विषय फार होतात. वर्षाला 20 ते 22 पुरेत आणि ते ऋतूप्रमाणे लावा. जून-जुलैत मृगाचा पाऊस, पेरणी, भात-नाचणीची रोपं, पावसाचे आडाखे. श्रावणात पंचमीची गाणी, फेर, झोके. भाद्रपदात गौरीची गाणी, आश्विनात हादगा. सुगीत भलरी आणि मळणी. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा आणि चौंडक्याची गाणी. फाल्गुनात शिमग्याची सोंगं. पाऊस, ओढे, विहिरी, गावाची आणि शिवाराची नावं, देवराई, जुने आजार आणि औषधं हे विषय मधल्या आठवड्यांत बसवता येतात.

विषय देताना नुसता मथळा देऊ नका. इथंच बहुतेक उपक्रम बसतात. 'पंचमी' एवढंच फळ्यावर लिहिलं की मूल पाठ्यपुस्तकातला निबंध आणून देतं. त्याऐवजी पाच-सहा छोटे प्रश्न द्या : पंचमीला कोण कोण जमत? कुठं? पहिलं गाणं कोणतं? ते कोण सांगायचं? त्या दिवशी काय चिरायचं नाही, काय भाजायचं नाही? हे कधी बंद झालं? आयरिश आयोगातल्या शॉन ओ सुलिवान यांनी 1942 मध्ये संकलकांसाठी जी मार्गदर्शिका छापली, तिची सुमारे 700 पानं जवळजवळ निव्वळ प्रश्नांनीच भरलेली आहेत. प्रश्न बारीक असला की उत्तर बारीक येतं.

प्रत्येक मुलाला शंभर पानी रेघी वही पुरते. उजव्या पानावर लिहायचं, डावं पान कोरं ठेवायचं. कोऱ्या पानावर पुढं चुका, दुसऱ्या कोणी सांगितलेला पाठभेद, अवघड शब्दाचा अर्थ येतो. प्रत्येक नोंदीखाली न चुकता लिहायचं : सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव आणि वाडी, माहेर कुठलं, हे त्यांनी कोणाकडून आणि साधारण कितव्या वर्षी ऐकलं, आणि नोंदीची तारीख. माहेर विसरू नका. चंदगडकडून आलेली सून आणि सौंदत्तीकडून आलेली सून एकाच घरात एकच गाणं दोन तऱ्हेने म्हणतात, आणि हा फरक पुढच्या अभ्यासकाला त्या एका ओळीनेच कळतो.

आयरिश वह्यांत जे उणं राहिलं तेही पाहून ठेवा. काही शाळांत शिक्षकांनी मुलांची भाषा सुधारून शुद्ध केली, त्यामुळे बोलीतले नेमके शब्द गेले. काही मुलांनी छापील पुस्तकातल्या गोष्टी उतरवून दिल्या. बऱ्याच नोंदींखाली सांगणाऱ्याचं नावच नाही. तुमच्या वर्गात पुस्तकाची जागा मोबाईलवरचे व्हिडिओ घेतील. ते ओळखायची एक खूण : दोन वह्यांत ओळ शब्दन् शब्द सारखी आली की विचारा. गावात गाणं इतकं जुळून कधी येत नाही. आणि भाषेला लाल शाई अजिबात लावू नका. 'येत्यात', 'जाऊलेत', 'म्हणून सांगिटलं' असं असेल तर तसंच राहू द्या. शुद्धलेखनाचे गुण या तासाला द्यायचेच नाहीत, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

आमच्या आज्जीला शंभरेक ओव्या येत्यात, पण मोबाईल धरला की ती गप्पच बसत्या. नुसतं बसून म्हणायला सांगितलं तर "आठवंना" म्हणत्या. काय करावं?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, कडोली परिसर

आज्जींना ओव्या आठवत नाहीत असं नाही. त्या ओव्या हाताच्या फेऱ्याबरोबर लागलेल्या आहेत. जात्याचा खुंटा हातात आला, फेरा सुरू झाला की पहिली ओळ येते आणि पहिली आली की पुढच्या येतात. त्यामुळे आधी जातं काढा.

जातं धुऊन पूर्ण वाळवा. अर्धा किलो जोंधळा किंवा नाचणी घ्या. रिकामं जातं फिरवू नका : दगडावर दगड घासून कच पडते, शिवाय आवाज इतका कर्कश होतो की शब्द बुडून जातात. दाणे मुठीमुठीने वैरत राहिलं की घरघर मऊ आणि एकसारखी राहते. जात्यापाशी शेजारची एखादी समवयस्क बाई बसवता आली तर फारच उत्तम. ओवी एकीने सुरू करायची आणि दुसरीने उचलायची, ही मूळची रीत आहे. एकट्या बाईला नातवासमोर म्हणायला अवघड वाटतं, मैत्रिणीसमोर वाटत नाही.

"ओवी म्हण" असं म्हणू नका. "भावावरची कुठली ग?", "लेकीला सासरी धाडताना काय म्हणायची?", "विठ्ठलाच्या झाल्या, आता यल्लम्माची?" असं विषयाने विचारा. बहुतेक बायका 'पहिली माझी ओवी' या ठरलेल्या सुरुवातीने देवाला, मग आईबापाला, मग भावाला अशा क्रमाने जातात. हा क्रम मधे मोडू नका. क्रम हीसुद्धा नोंदवण्याची गोष्ट आहे.

आता मोबाईल. विमान मोड चालू करा, नाहीतर ऐन ओवीत फोन येतो आणि काही मोबाईलवर ध्वनिमुद्रणच तुटतं. मोबाईल जात्याच्या फरशीवर ठेवला तर दगडाची थरथर थेट आत जाते, म्हणून शेजारच्या पाटावर चौपदरी वाकळ टाकून तिच्यावर ठेवा, तोंडापासून हातभर अंतरावर, जात्याच्या विरुद्ध बाजूला. पंखा बंद. पत्र्याचं घर असेल तर पावसात हे काम करूच नका. ध्वनिमुद्रकात 'वेव्ह' प्रकार निवडता येत असेल तर तोच घ्या. जागा जास्त लागते, पण आवाज दाबला जात नाही. सुरुवातीला तुमच्याच आवाजात तारीख, गाव, आज्जींचं नाव आणि वय बोला. कागद हरवतो, पण फाइलीत बोललेलं फाइलीबरोबर राहतं.

एक फेरी जात्यावर झाली की त्याच ओव्या जातं थांबवून पुन्हा सांगायला लावा. दोन्ही ठेवायच्या. गाताना 'बाई', 'ग', 'माझ्या' असे भर घालणारे शब्द येतात, ओळीचा शेवट दोनदा येतो. नुसतं सांगताना ते सगळं गळतं, पण शब्द स्पष्ट कळतात. जात्यावरची फेरी चालीसाठी, थांबून सांगितलेली शब्दांसाठी. लिहून काढायला दहा मिनिटांच्या ध्वनिमुद्रणाला तास-दीड तास धरा आणि त्याच आठवड्यात बसा. उशीर झाला की न कळलेला शब्द विचारायचा राहून जातो.

आयरिश संकलकांकडे 'एडिफोन' नावाचं यंत्र असे, वजन सुमारे 25 किलो. मेणाच्या नळकांड्यावर काही मिनिटांचा आवाज बसे. संकलक ते ऐकून शब्द न् शब्द वहीत उतरवी, मग नळकांडी डब्लिनला जात, वरचा थर तासून पुन्हा वापरायला येत. पैसे नव्हते म्हणून हे करावं लागलं. परिणाम असा की हजारो पानं शिल्लक आहेत आणि त्यांतले बहुतेक आवाज गेले. तुमच्यावर ती वेळ नाही. मोबाईलची जागा भरली म्हणून मूळ फाइल पुसू नका.

आयर्लंडमध्ये मयताला बायका गाऊन रडत, असं लेखात होतं. आमच्याकडेही बायका हेल काढून रडतात. हे एकच का? आणि हे लिहून घेणं बरं दिसतं का?
— गृहिणी, निपाणी

दोन्हींत खूप जवळीक आहे, आणि हा विषय जपून हाताळायचा आहे.

आयरिश रडगाण्याला इंग्रजीत कीनिंग म्हणतात. ते बायकांचंच काम. घरच्या बायका तर गातच, पण नाव असलेल्या रडणाऱ्या बायकांनाही बोलावत आणि त्यांना पैसा, जेवण, दारू देत. रचनेचे टप्पे ठळक असत. आधी मेलेल्याला नावाने, नात्याने हाक. मग त्याची थोरवी, घराणं, घोडा, शेत, हात किती सढळ होता ते. आणि मधून मधून सगळ्या बायकांनी मिळून घातलेला शब्दहीन टाहो. ओळी आखूड, दोन-तीन ठाशीव आघातांच्या (आघात म्हणजे अक्षरावर दिलेला जोर), आणि एका कडव्यातल्या सगळ्या ओळींच्या शेवटच्या आघाताचा स्वर एकच. कडवं किती ओळींचं हे ठरलेलं नसे. श्वास आणि सुचणं पुरेल तेवढं. आपल्याकडच्या हेलातही संबोधन आधी येतं आणि मग 'तू गेलास तर आता अमुक कोण करील' अशा ओळींची माळ लागते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

यातलं सर्वांत प्रसिद्ध गीत आयलीन डुव नी खोनल हिचं आहे. तिचा नवरा आर्ट ओ लीरी हा 4 मे 1773 रोजी कॉर्क परगण्यात कॅरिगानिमा इथं गोळी लागून मेला. त्या काळच्या कायद्याने कॅथलिक माणसाला पाच पौंडांपेक्षा जास्त किमतीचा घोडा ठेवता येत नसे. कोणी पाच पौंड पुढं केले तर घोडा देऊन टाकावा लागे. मॉरिस नावाच्या अधिकाऱ्याने असाच घोडा मागितला, आर्टने दिला नाही, तिथून वैर पेटलं असं सांगतात. गीतात आयलीन सांगते, रिकामी घोडी रक्ताने भरलेली दारात आली, मी तिच्यावर उडी टाकून गेले आणि तुझं रक्त ओंजळीने प्यायले. त्याच गीतात आर्टची बहीण भावजयीला टोचते की तू मयताच्या रात्री झोपलीस, आणि आयलीन तिला तिथंच उत्तर देते. सासर-माहेरचा ताण मयतापाशी ओळींतून बाहेर पडतो, हे सीमाभागातल्या कुठल्याही जाणत्या बाईला नवं नाही. हे गीत पुढं काही दशकं तोंडोतोंडीच जगलं. 1800 च्या सुमारास ते एका रडणाऱ्या बाईच्या तोंडून लिहून घेतलं गेलं, म्हणून आज वाचता येतं.

चर्चने या रडण्यावर वारंवार बंदी घातली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जवळजवळ थांबलं. संकलक पोचले तेव्हा मयताविना ते म्हणून दाखवायला बायका सहसा तयार होत नसत. आपल्याकडेही तोच मान ठेवायचा. मयताच्या घरी मोबाईल काढू नका. दिवस-कार्य होऊन काही महिने जाऊ द्या, आणि मग घरात नव्हे, शेजारच्या घरी किंवा माहेरी, त्या बाईची इच्छा असेल तरच विचारा. पुष्कळदा म्हणायची तयारी नसते, सांगायची असते : "माझ्या चुलतीनं तवा असं असं म्हटलं हुतं." एवढं लिहून घेतलं तरी पुरे. ज्या घराचं रडणं आहे त्यांची परवानगी वेगळी घ्या. जिवंत माणसावर टोमणा असेल तर नाव गाळा आणि तिथं गाळल्याची खूण ठेवा.

आमच्या गावच्या गाण्यांत अर्धं मराठी, अर्धं कन्नड येतं. छापताना कन्नड शब्द काढून मराठी घालावेत असं काहींचं म्हणणं आहे.
— भजनी मंडळाचे सदस्य, हुक्केरी तालुका

काढू नका, आणि कंसात मराठी घालून ओळही फोडू नका. आयर्लंडमध्ये एक ओळ आयरिश, एक इंग्रजी अशी गाणी गावोगाव होती आणि आजही म्हटली जातात. बाजारात एक भाषा आणि चुलीपाशी दुसरी, अशा काळात ती तयार झाली. कुठल्या गोष्टीला कुठली भाषा आली, यावरूनच त्या काळचं गाव कळतं. आपल्याकडे तर एकच बाई जात्यावर मराठी ओवी म्हणते आणि कन्नड त्रिपदीही म्हणते. दोन्ही दळणाचीच गाणी.

लिहिताना अडचण एका ठिकाणी येते. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन्ही आहेत आणि अर्थ त्यावर बदलतो. देवनागरीत ऱ्हस्वासाठी ऎ आणि ऒ ही अक्षरं आहेत, त्यांच्या मात्रा ॆ आणि ॊ अशा. मोबाईलच्या काही कळफलकांत त्या मिळतात. मिळाल्या नाहीत तर त्या अक्षराखाली रेघ ओढा आणि वहीच्या पहिल्या पानावर खूण समजावून ठेवा. वही झाली की कन्नड नीट वाचणाऱ्या शेजाऱ्याकडून ते शब्द कन्नड लिपीत डाव्या पानावर लिहून घ्या. अर्थही तिथंच.

गाणाऱ्याने कन्नड शब्द मोडून म्हटला असेल तर तो मोडलेलाच ठेवायचा. यल्लम्माच्या गाण्यांत असे शब्द पुष्कळ येतात आणि म्हणणाऱ्याला त्यांचा अर्थ नेहमीच ठाऊक असतो असं नाही. "अर्थ काय?" असं विचारल्यावर जे उत्तर मिळेल ते लिहा. ते व्याकरणाने चूक असलं तरी गाणाऱ्याच्या मनात काय आहे ते त्यातून कळतं.

आयरिश लोककवितेत आपल्यासारखं यमक असतं का?
— निवृत्त शिक्षक, बेळगाव

असतं, पण त्यांच्या गीतांचा खरा आधार स्वरांचा आहे. एका ओळीत आघात येणाऱ्या अक्षरांचे स्वर ज्या क्रमाने येतात, तोच क्रम पुढच्या ओळींत राखायचा. व्यंजनं जुळायलाच हवीत असं नाही. समजण्यापुरत्या दोन ओळी मराठीत रचून दाखवतो :

दारी दीप ठेव,
राती नीज घेऊ.

दा-दी-ठे आणि रा-नी-घे : आ, ई, ए हा क्रम दोन्हीकडे तोच आहे. शेवटी 'ठेव' आणि 'घेऊ' यांचं आपल्या अर्थाने यमक होत नाही, आयरिश कानाला मात्र ते जुळलेलं वाटतं. आपली ओवी चरणाच्या शेवटावर उभी राहते : ग्रंथातल्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, जात्यावरच्या ओवीत बहुधा दोन ओळी आणि शेवटाला जुळणी. पण जात्यावरच्या ओव्या लिहून काढल्यावर ओळीच्या पोटातले स्वरही एकदा तपासून पाहा. चांगल्या गाणारणीच्या ओळीत अशी जुळणी सापडते.

गावातल्या शाहिरांनी अलीकडच्या घटनांवर रचलेली गाणी लोकसाहित्यात धरावीत का?
— निपाणी

धरावीत, आणि ती लवकर घ्यावीत. 'गावचे कवी' हा आयरिश पुस्तिकेतला स्वतंत्र विषय होता, त्यामागे हेच कारण. आंधळा कवी राफ्टरी 1835 मध्ये वारला. लॉख कॉरिब या सरोवरात 1828 मध्ये जत्रेला निघालेली नाव बुडाली, त्यावर त्याने रचलेलं गीत आजही गातात. नावेत मेंढरं होती, एका मेंढराचा पाय तळाच्या फळीतून आरपार गेला, भोक बुजवायच्या प्रयत्नात फळीच निघाली, असं लोक सांगतात. ही हकिगत गावात राहिली ती गाण्याच्या आधाराने.

निपाणीचं 1981 चं तंबाखू आंदोलन, विडी कामगार बायकांच्या मोर्चातली गाणी, पुराची, दुष्काळाची गाणी : रचणारे किंवा म्हणणारे अजून भेटतील. गाण्याबरोबर चार गोष्टी घ्या. चाल कुठल्या जुन्या गाण्याची, पहिल्यांदा कुठं म्हटलं, कोणाला झोंबलं, आणि नंतर कोणतं कडवं गाळलं. गाळलेलं कडवं बहुधा सगळ्यांत मोलाचं असतं.

आयर्लंडमध्ये परींच्या गढीला आणि काटेरी झुडपाला कोणी हात लावत नाही म्हणे. हे खरं का?
— शेतकरी, जांबोटी भाग

बऱ्याच अंशी खरं. गोल बांध असलेल्या हजारो जुन्या वस्त्यांच्या जागा तिथल्या शेतांत आहेत. तिथं 'ते लोक' राहतात, नांगर घातला तर घरावर येतं, या समजुतीने शेतकऱ्यांनी त्या पिढ्यान् पिढ्या सोडल्या. त्यामुळे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना त्या मिळाल्या, आणि आता त्यांना कायद्याचंही संरक्षण आहे. एकट्या उभ्या हॉथॉर्नच्या झुडपाचं तेच. क्लेअर परगण्यात लटून इथं 1999 मध्ये नव्या रस्त्याच्या आड असं एक झुडूप आलं, कथाकार एडी लेनिहान यांनी आवाज उठवला आणि झुडूप राखून रस्ता केला गेला.

खानापूरकडच्या देवरायांची नोंद करताना नुसती कथा घेऊ नका. झाडांची गावठी नावं, पाण्याची जागा, हद्द कशाने ठरते, वाळलेलं लाकूड कोणाला आणि कशासाठी नेता येतं, कोणत्या दिवशी कोण पूजा करतं, हेही लिहा. पुरलेल्या धनाची गोष्ट मिळाली तर गोष्ट वहीत घ्या, पण नेमकी जागा छापू नका. खणणारे येतात आणि समाध्या, वीरगळ फोडून जातात.

दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, असं आमच्याकडे म्हणतात. तिकडेही असं काही आहे का?
— सहावीतला विद्यार्थी, येळ्ळूर

आहे. वीरांच्या मोठ्या कथा तिथं रात्री, शेकोटीपाशी आणि थंडीच्या महिन्यांतच सांगायच्या, साधारण 1 नोव्हेंबरच्या साऊन सणापासून मार्चच्या मध्यापर्यंत. दिवसा सांगणं वाईट मानत. शेतीची कामं संपल्यावर ज्या घरी लोक जमत ते घर गावात ठरलेलं असे. तुमच्या गावात असं घर किंवा कट्टा कुठला होता, ते आजोबांना विचार आणि वहीत लिही.

आयरिश वह्या पाहता येतात का? आणि आमच्या वह्या जमल्या की ठेवायच्या कुठं?
— वाचनालयाचे कार्यवाह, बेळगाव तालुका

'दूखस' या नावाच्या संकेतस्थळावर शाळांच्या वह्यांची पानं जशीच्या तशी, विनामूल्य पाहता येतात. गाव, शाळा, विषय असं शोधता येतं. बरीच पानं इंग्रजीत आहेत, त्यामुळे वाचायला अडचण येत नाही. हस्ताक्षर टंकून द्यायचं काम तिथं स्वयंसेवक करतात. आयोगाचं काम 1971 मध्ये डब्लिनच्या विद्यापीठाकडे गेलं, आणि आयोगाच्या संग्रहाला 2017 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत स्थान मिळालं. मराठीत पाहायचं तर गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या प्रकल्पातल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या 'पारी' या संकेतस्थळामार्फत वाचकांपर्यंत पोचत आहेत. ओवीला क्रमांक, गाव आणि गाणारणीचं नाव कसं जोडायचं, याचा तो उत्तम नमुना आहे.

तुमच्या वह्यांच्या तीन प्रती हव्यात आणि त्या तीन वेगळ्या छपरांखाली हव्यात : मूळ वह्या वाचनालयात, छायाप्रत शाळेत, आणि फोटो व आवाज एका हार्ड डिस्कवर तिसऱ्याच घरी. आपल्या पावसात वह्यांना बुरशी आणि कसर यांचं भय मोठं. वह्या लोखंडी कपाटात, भिंतीपासून चार बोटं सोडून, सुती कापडात बांधून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला, पुरचुंडीत बांधून, पानांना न लागता. दसऱ्याच्या सुमारास ऊन कडक झालं की वह्या सावलीत वाऱ्यावर उघडून ठेवा, थेट उन्हात नको, शाई उडते.

फोटो काढताना पान सपाट, उजेड खिडकीचा एका बाजूने, मोबाईलचा फ्लॅश बंद. फाइलीचं नाव मोबाईल देतो ते ठेवू नका. वर्ष, गाव, वही क्रमांक, पान क्रमांक या क्रमाने द्या, आणि आवाजाच्या फाइलीलाही तोच वही-पान क्रमांक द्या, म्हणजे दहा वर्षांनी कोणी नवखा आला तरी ओवी आणि आवाज एकत्र सापडतील. वर्षातून एकदा डिस्क लावून फाइली उघडतात का ते पाहा आणि पाच-सहा वर्षांनी डिस्क बदला. आणि पहिल्या पानावर सांगणाऱ्यांच्या परवानगीची सही किंवा अंगठा घ्या : कोणाला वाचायला चालेल, छापायला चालेल का, नाव द्यायचं का. हे तिन्ही वेगवेगळे विचारा. आवाज ऐकवायला हरकत नाही पण नाव नको, असं सांगणाऱ्या बायका पुष्कळ असतात.